निकेलचा पिवळेपणा

यवतमाळच्या घरी माळ्यावर एक काळी पेटी होती. लहानपणी मला ती सूटकेस वाटायची. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत खाली काढली, तर झाकणाच्या आत ग्रामोफोनसमोर बसलेला कुत्रा! एचएमव्हीचं १०१ मॉडेल, १९२५ साली बाजारात आलेलं. आजोबांनी ते जुनंच विकत घेतलं होतं, एवढंच बाबांना आठवत होतं.

मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे बंद पडलेली वस्तू उघडल्याशिवाय चैन पडत नाही. स्प्रिंग तुटलेली, ग्रीसचं डांबर झालेलं, साउंडबॉक्समधल्या रबरी रिंगा दगडासारख्या. अभ्रकाची चकती तेवढी शाबूत. स्प्रिंगा आणि रिंगा आजही नव्या बनतात, त्या मागवल्या. नवी स्प्रिंग टाकली म्हणून यंत्र खोटं होत नाही. सुई तर तेव्हाही रेकॉर्डच्या दर बाजूला बदलायची असे.

सगळ्यात आवडला गव्हर्नर. वेग वाढला की त्याची तीन वजनं बाहेर फेकली जातात, एक चकती सरकून पॅडला घासते, वेग उतरतो. वीज नाही, चिप नाही. तबकडीखाली कागदाचा कपटा अडकवून मोजलं. मिनिटाला ७८ फेरे, बरोब्बर.

मग मी चूक केली. डागाळलेला टोनआर्म शहरातल्या एका प्लेटिंगवाल्याकडे दिला आणि 'चकाचक करा' म्हणालो. परत आला तो आरशासारखा, निळसर झाक असलेला. क्रोम! क्रोम प्लेटिंग बाजारात रुळलं १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. १०१ च्या सुरुवातीच्या यंत्रांवर निकेल असे, किंचित पिवळसर, ऊबदार. बाकीच्या भागांवर ते अजून होतं. यंत्राचं वय सांगणारी खूण मी पैसे देऊन घासून काढली होती.

मुंबईच्या चोर बाजारात पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन मिळतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा कर्णा नवा, पेटी नवी, आणि मोटर अशाच एखाद्या काळ्या पेटीतून उपसलेली. त्यांना मी हसायचो. आता कोणत्या तोंडानं हसू?

एवढं मनाला का लावून घ्यायचं? फ्रेड गैसबर्ग रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन कलकत्त्यात आला १९०२ साली. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीच गेले. ज्या आवाजासाठी लोक संगीत नाटकांना गर्दी करत, तो आज कुणालाच ऐकता येत नाही. बालगंधर्वांचा येतो, कारण तो लाखेच्या तबकड्यांवर उतरला. लाखेचा किडा पळसावरही वाढतो, आणि आमच्या जिल्ह्यात पळसाला काय तोटा! आवाज टिकला तो असा वस्तूंच्या जिवावर. त्या वस्तूंबद्दल खोटी माहिती मागे ठेवायची नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.

टोनआर्म बसवला, बालगंधर्वांची एक रेकॉर्ड लावली. खरखर, आणि त्यातून तो आवाज. माझं तोंड बघून बाबा म्हणाले, "चमकते तं चमकू दे. आवाज तं तोच हाये."

आम्ही कोड बदलला की काय बदललं ते लिहून ठेवतो. तशी एक चिठ्ठी मी पेटीत ठेवली आहे. स्प्रिंग नवी, रिंगा नव्या, टोनआर्मवरचं क्रोम नंतरचं, मूळ निकेल. खाली तारीख आणि माझं नाव.