वस्तू की परवाना?

परवाना हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इथलाच झाला. उर्दूत याच शब्दाला आणखी एक अर्थ आहे, दिव्यावर झेप घेणारा पतंग. मुशायऱ्यात परवाना म्हटले की मागोमाग शमा येते, कचेरीत परवाना म्हटले की शिक्का येतो. आज मला बोलायचे आहे ते शिक्क्याच्या परवान्याबद्दल. तोही बंदुकीचा किंवा दारूचा नव्हे. पूल, इमारती, मोटारी, विमाने यांचे आराखडे आणि हिशेब ज्या सॉफ्टवेअरवर होतात, ते वापरण्याचा परवाना. त्या धंद्यात त्याला सगळे लायसन्सच म्हणतात. कवी माणसाने या भानगडीत कशाला पडावे, असे कुणी विचारील. पण भानगड एका क्रियापदाची आहे. सॉफ्टवेअर 'विकत घेतले' असे आपण सहज म्हणतो. त्यातल्या 'घेतले' याचा अर्थ काय, यावर गेली पन्नासहून अधिक वर्षे वाद चालू आहे.

एकेकाळी हा वाद नव्हता. संगणक म्हणजे खोलीभर यंत्र, आणि डब्याबरोबर झाकण यावे तसे त्याच्याबरोबर प्रोग्राम यायचे. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी सरकारने आयबीएमवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. त्याच वर्षी २३ जूनला कंपनीने जाहीर केले, की यापुढे काही प्रोग्रामांची किंमत वेगळी लागेल. यंत्रांचे भाव उतरले ते अवघे ३ टक्के. सॉफ्टवेअरचा स्वतंत्र धंदा इथून वाढला, असे मानतात. गंमत अशी, की त्या वेळीही आयबीएमने प्रोग्राम विकले नाहीतच. महिन्याला अमुक आकार द्या आणि वापरा, अशी ती व्यवस्था होती. आज भाड्याच्या पद्धतीला नवे युग वगैरे म्हटले जाते, तेव्हा हे लक्षात ठेवावे.

१९८२ मध्ये ऑटोडेस्क कंपनी निघाली आणि त्याच वर्षी तिचे ऑटोकॅड लास व्हेगासच्या प्रदर्शनात मांडले गेले. किंमत १००० डॉलर, आणि टेबलावरच्या साध्या संगणकावर चालणारे. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, रोट्रिंगची पेने यांचे दिवस तिथून भरत आले. पण फ्लॉपीची नक्कल कुणीही करी. म्हणून संगणकाच्या मागे खोचायचे कुलूप आले, ज्याला डोंगल म्हणतात. डोंगल नाही तर प्रोग्राम नाही. अमेरिकेतल्या ग्राहकांनी याविरुद्ध इतकी ओरड केली, की ऐंशीच्या दशकातच ऑटोडेस्कला तिथे ते कुलूप काढून घ्यावे लागले. बाकीच्या जगाला मात्र डोंगलची संगत पुढेही करावी लागली.

खरी युक्ती आली १९८८ च्या सुमारास, एकमेकांना जोडलेल्या युनिक्स यंत्रांच्या काळात. तिचे नाव फ्लेक्सएलएम. कल्पना वाचनालयासारखी आहे. समजा, कार्यालयात साठ इंजिनिअर आहेत, पण एका वेळी वीसच जण एखादे महागडे सॉफ्टवेअर चालवतात. मग साठ कशाला घ्यायची? वीस घ्या. ती एका सर्व्हरवर राहतील. ज्याला हवे त्याने एक उचलावे, काम झाले की परत करावे. एकविसावा आला तर त्याला नकार मिळेल. हा सगळा कारभार एका साध्या मजकुराच्या फाइलवर चालतो. तिच्यात सॉफ्टवेअरचे नाव, किती प्रती, कोणत्या तारखेपर्यंत हे सगळे डोळ्यांनी वाचता येते. मजकुराच्या शेवटी न कळणाऱ्या अंकाक्षरांची एक ओळ असते, ती कंपनीची सही. एक अक्षर खोडा, सही जुळत नाही. आणि ही फाइल सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या बारा अक्षरी क्रमांकाशी बांधलेली असते, जसा सात-बारा गट क्रमांकाशी.

माझा भाचा पुण्यातल्या एका डिझाइन ऑफिसात हेच काम बघतो. या कामाला माणूस लागतो, हे मला त्याच्याकडूनच कळले. तो म्हणतो, "मामू, लोक सकाळी आल्या आल्या लायसन्स उचलतात आणि चहाला जातात. रेल्वेत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं." त्यावर उपाय आहेत. ठरावीक वेळ कुणी काही केले नाही तर लायसन्स काढून घेता येते, एखाद्या गटासाठी काही राखून ठेवता येतात, एखाद्याला वगळताही येते. कुणाला किती वेळा नकार मिळाला याची नोंद सर्व्हर ठेवतो आणि वर्षाच्या शेवटी आणखी घ्यायची की आहेत ती कमी करायची, हे त्या नोंदीवरून ठरते. भाच्याच्या मते निम्मी भांडणे सॉफ्टवेअर कमी असल्याची नसून रुमालांची असतात. मला ते पटते.

पण जे आपल्याकडे आहे, ते आपले आहे का? अमेरिकेत सिएटलच्या एका वास्तुविशारद कार्यालयाने १९९९ मध्ये ऑटोकॅडच्या चौदाव्या आवृत्तीच्या दहा प्रती घेतल्या होत्या. पुढे नवी आवृत्ती घेताना त्यांनी प्रत्येकी ४९५ डॉलर भरले, एरवी ३७५० पडले असते. सवलतीची अट एकच, जुन्या प्रती नष्ट करा. त्या नष्ट झाल्या नाहीत. २००७ मध्ये त्यांतल्या चार व्हर्नर नावाच्या गृहस्थाने विकत घेतल्या आणि इ-बेवर विकायला काढल्या. प्रकरण कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने व्हर्नरची बाजू घेतली, पण १० सप्टेंबर २०१० रोजी अपिलात निकाल फिरला. कार्यालय मालक नव्हतेच, परवानाधारक होते, आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. युरोपात २०१२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने नेमके उलटे सांगितले. कायमच्या वापरासाठी मोबदला घेऊन प्रत दिली की ती विक्रीच झाली, पुढे ती दुसऱ्याला देता येते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये विक्रीकरासाठी तयार सॉफ्टवेअर ही वस्तू मानली. २ मार्च २०२१ च्या निकालात परदेशी सॉफ्टवेअरसाठी दिलेले पैसे रॉयल्टी नसून मालाची किंमत आहे, असे ठरले. हे दोन्ही निकाल करापुरते आहेत, हे खरे. तरी एकच डबी अमेरिकेत परवाना आणि भारतात वस्तू, हे मला विलक्षण वाटते.

दुसऱ्याला देता न येणाऱ्या परवान्याचे भांडण आपल्याकडे फार जुने आहे. १७१७ च्या फर्मानाने ईस्ट इंडिया कंपनीला बंगालमध्ये जकात माफ झाली. मालाबरोबर दस्तक दाखवायचे. ते कंपनीच्या मालासाठी होते, पण नोकरांनी ते स्वतःच्या व्यापाराला वापरले, वर देशी व्यापाऱ्यांनाही विकले. वैतागून मीर कासीमने १७६३ मध्ये सगळ्यांचीच जकात माफ करून टाकली. १७६४ ला बक्सारची लढाई झाली. सॉफ्टवेअरवाल्यांनी निदान तोफा आणल्या नाहीत.

त्यांनी केले ते जास्त चतुराईचे. वस्तू की परवाना, हा वादच मिटवून टाकला. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमची लायसन्स विकणे बंद केले. पैसे भरा तोवर वापरा. ऑगस्ट २०२० पासून सर्व्हरवरच्या सामायिक लायसन्सऐवजी प्रत्येक माणसाच्या नावाने लायसन्स द्यायला सुरुवात झाली. म्हणजे वाचनालय गेले, ज्याचे त्याचे पुस्तक आले. सोय आहे, नाही असे नाही. पण हिशेब पुन्हा माणसांच्या डोक्यांवर आला, आणि जुन्या कायमच्या प्रती ज्यांच्याकडे आहेत त्यांना नवे आणि जुने दोन्ही संसार सांभाळावे लागतात.

दोन संसारांचे काय होते, ते २००६ मध्ये एअरबसने पाहिले. ए-३८० विमानाच्या आराखड्यासाठी हॅम्बुर्गचे लोक कॅटियाच्या चौथ्या पिढीवर काम करत होते आणि तुलूझचे पाचव्या. विमानात तारा ५०० किलोमीटरहून जास्त. जोडणीच्या वेळी त्या जागेवर बसेनात. कारणे आणखीही होती, पण हे मोठे. विमान दोनेक वर्षे लांबले.

विमान निदान तेव्हा नवे होते. पूल पन्नास-शंभर वर्षे उभा राहतो आणि त्याचे गणित ज्या प्रोग्रामवर झाले तो दहा-पंधरा वर्षांत म्हातारा होतो. रेषा बहुधा नव्या आवृत्तीत उघडतात, रेषांमागचे गणित उघडेलच असे नाही. भाच्याच्या ऑफिसात नव्वदच्या दशकातले एक यंत्र अजून चालू आहे. त्यातल्या सॉफ्टवेअरची कंपनी दुसरीने गिळली, नव्या क्रमांकावर जुने लायसन्स बांधून द्यायला आता कुणी नाही. यंत्र बिघडले तर त्यातले नेटवर्क कार्ड काढून दुसऱ्या जुन्या यंत्रात बसवायचे, अशी त्यांची तयारी आहे. मध्यंतरी एका जुन्या पुलाला फूटपाथ जोडायचे काम आले, तेव्हा मूळ हिशेब त्याच यंत्रावर उघडला. सफाईवाल्याने प्लग काढू नये म्हणून भाच्याने त्यावर कागद चिकटवला आहे, "चालू आहे. हात लावू नये."