नेम का चुकला?

कालपर्यंत अचूक लागणारी शिकारी रायफल आज अचानक दगा देऊ लागली, तर आपण कोणाला दोष देऊ? हाताला, वाऱ्याला, दारूला, नळीला की गोळीला? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील डॉ. फ्रँकलिन मॅन यांनी या एका प्रश्नापायी आयुष्याची कित्येक वर्षे खर्ची घातली. (कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडे कापण्याच्या यंत्रावर त्यांनी कमावलेला पैसा इथे कामी आला!)

आधी त्यांनी माणसाचा हातच वगळला. नळी काँक्रीटच्या भक्कम चौथऱ्यावर बसवली. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा क्रम. त्यांनी गोळ्या मुद्दाम बिघडवल्या : काहींची टोके, काहींची बुडे. टोक बिघडले की नेम जाणार, असे आपल्यालाही वाटेल. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील निष्कर्ष उलटा आहे. टोक बिघडल्याने फारसे अडत नाही, पण बूड बिघडले की गोळी भरकटते.

असे का? गोळी नळीबाहेर पडते त्या क्षणी मागचा वायू प्रचंड दाबाने सुटतो. बूड तिरके असेल तर तो एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरपा धक्का देतो. मग गोळी निर्दोष, पण नळीच्या तोंडाच्या कडेचाच टवका उडालेला असेल तर? धक्का तोच! रायफल कुठे आपटल्यावर नेम गेला असेल, तर आधी ही कड पाहावी. कारागीर ती पुन्हा समतल कातून देतो.