काळी काच आणि खरं चिलखत

२६ जानेवारीला टीव्हीवर राष्ट्रपतींची लांब काळी गाडी दिसली की आपल्या शिरपूरच्या चौकात दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, "काय थाट आहे बाप्पा!" दुसरं, "एवढं चिलखत कशाला?" उत्तर इतिहासात आहे मित्रांनो, आणि त्यातला बराच भाग पुण्यात घडलेला आहे.

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ६० वर्षं झाल्याचा समारंभ आटोपून प्लेग अधिकारी रँड गणेशखिंडीतून घोडागाडीने परतत होता. दामोदर चापेकरांनी मागून गाडी गाठली आणि गोळी झाडली. मागच्या गाडीतला आयर्स्टही मारला गेला. प्लेगच्या नावाखाली झालेल्या जुलमाचा तो जाब होता. पण साहेबाच्या गाडीला मागून कसलंच संरक्षण नाही, हेही त्या रात्री इंग्रजांना कळलं.

२५ जून १९३४. गांधीजी हरिजन दौऱ्यात पुण्याला आले होते. नगरपालिकेच्या सभागृहाकडे दोन मोटारी निघाल्या. पहिलीत गांधीजी आहेत असं समजून कुणीतरी बाँब टाकला. लोक जखमी झाले, गांधीजी मात्र मागे राहिलेल्या मोटारीत होते. आज मोठ्या नेत्यांच्या ताफ्यात एकसारख्या दोन-तीन गाड्या मुद्दाम ठेवतात. पुण्यात त्या दिवशी हे योगायोगाने घडलं होतं.

१० ऑगस्ट १९८६. निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य पत्नीसोबत पुणे कॅम्पातून घरी निघाले होते. ऑपरेशन ब्ल्यू स्टारमुळे ते अतिरेक्यांच्या यादीवर होते. तरी साधी मारुती, आणि चालवत होते स्वतः. मोटारसायकलवरून आलेल्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. पातळ पत्रा आणि साधी काच, त्यात काय थांबणार?

आता दिल्लीकडे या. १९५० ला राजेंद्रबाबू प्रजासत्ताक दिनाला उघड्या बग्गीतून गेले होते. १९८४ मध्ये इंदिराजींची हत्या झाली आणि बग्गी बंद झाली. तिच्या जागी बंद, चिलखती मोटार आली. पुढं आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, त्याही अशाच मर्सिडीजमधून संचलनाला जात. त्याआधी त्या शेजारच्या अमरावतीच्या खासदार होत्या. म्हणजे गाडीतलं माणूस आपल्याच भागातलं होतं, पण काच जाड होती. या गाडीच्या दारात पोलादी पत्रे असतात, काच अनेक थरांची असते, आणि टायर फुटलं तरी गाडी काही अंतर पळते.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढं आहे. इंदिराजी स्वतःच्या निवासस्थानी पायी चालत होत्या. १९९१ मध्ये राजीवजी श्रीपेरंबुदुरला गाडीतून उतरून लोकांत शिरले होते. रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर १८८१ मध्ये चिलखती बग्गीत पहिल्या बाँबमधून वाचला, जखमींची चौकशी करायला खाली उतरला आणि दुसऱ्या बाँबनं गेला. लोकशाहीत तर नेत्याला लोकांत उतरावंच लागतं, आणि तिथं पोलाद उपयोगाचं नसतं. २६ जानेवारी २०२४ ला द्रौपदी मुर्मू फ्रान्सच्या अध्यक्षांसोबत पुन्हा बग्गीतून आल्या. ४० वर्षांनी आलेलं ते दृश्य मला म्हणूनच मोलाचं वाटतं.

म्हणून राष्ट्रप्रमुखाच्या चिलखताला माझी हरकत नाही. त्यामागं कुणाचं तरी सांडलेलं रक्त आहे. हरकत आहे ती नकलेला. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१२ मध्ये काचांवरच्या काळ्या फिल्मला बंदी केली. १ मे २०१७ पासून लाल दिवेही गेले, राष्ट्रपतींचेसुद्धा. तरी आपल्या मालेगाव-वाशीम पट्ट्यात काळ्या काचा, पदाची पाटी आणि कर्कश हॉर्न लावलेल्या गाड्या फिरतातच. यांना कुणापासून धोका आहे? विजेचं, पीकविम्याचं, रस्त्याचं विचारणाऱ्या माणसापासून?

राष्ट्रपतींच्या काचेआड भीतीचं कारण तरी आहे. आपल्या निवडलेल्या माणसाच्या काळ्या काचेआड काय आहे, हे पुढच्या वेळी गाडी थांबली की काच खाली करायला लावून विचारा.