चार डिस्कांचं दफ्तर

लहानपणी तुम्ही पाठीला दफ्तर लावून शाळेत गेला असाल. परदेशातच वाढला असाल तर निदान आईबाबांच्या तोंडून हा शब्द ऐकला असेल. पुण्यात कौन्सिल हॉलजवळ एक जुनी दगडी इमारत आहे, तिलाही लोक पेशवे दफ्तरच म्हणतात. शब्द फारसीतून आला आणि त्याचं मूळ ग्रीकमधल्या कमावलेल्या कातड्याच्या नावात आहे. आधी ज्यावर लिहायचं ती वस्तू, मग लिहिलेल्या कागदांचा साठा, मग तो साठा ठेवायची जागा, आणि मराठीत शेवटी पोरांच्या पाठीवरची पिशवी. या प्रवासातला शेवटचा टप्पा मला नेहमी थोडा गमतीचा वाटायचा. गेल्या हिवाळ्यात नॉटिंगहॅममध्ये घरच्या सर्व्हरसाठी कॅबिनेट निवडायला बसले, तेव्हा तोच सगळ्यात कामाचा निघाला.

(कॅबिनेट म्हणजे कंप्युटरचा बाहेरचा डबा. इथल्या दुकानात ‘केस’ म्हणतात, पण पुण्यात कॅबिनेट म्हणायची सवय लागली ती लागली.)

माझ्याकडे जपण्यासारखं काय आहे? अभिलेखागारांत बसून काढलेले जुन्या कागदांचे साठेक हजार फोटो, घरातल्या लग्नामुंजींच्या कॅसेटींवरून उतरवलेल्या फाइल्स, आणि आजीच्या आवाजातली काही रेकॉर्डिंग्ज. हे सगळं आधी एका भल्यामोठ्या टॉवर कॅबिनेटमध्ये होतं. पोस्टडॉकचं आयुष्य तुम्हाला माहीत असेलच: कंत्राट दोन वर्षांचं, भाड्याचं घर त्याहून कमी. चार वर्षांत तीन घरं झाली. शेवटच्या वेळी लेंटनहून बीस्टनला येताना ते धूड एका मित्राच्या गाडीच्या डिकीत आडवं घातलं. आत एक डिस्क अर्धवट आवळलेल्या स्क्रूंवर होती, आणि तो हलगर्जीपणा माझाच. नव्या घरी बटण दाबलं तर आतून टिक-टिक-टिक. डिस्क गेली. तिच्यावरच्या बहुतेक गोष्टींची दुसरी प्रत होती. आजीच्या तीन रेकॉर्डिंग्जची नव्हती.

त्यातलं एक १२ जुलै १९६१ बद्दल होतं. पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं, तो दिवस. आमच्या घरातले कागद तेव्हा दोन ठिकाणी होते. खरेदीखतं आणि दाखले खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत, कुलूप लावून. बिनमहत्त्वाची पत्रं धोतराच्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकलेली. ट्रंकेत पाणी शिरलं आणि आतच राहिलं. उघडली तेव्हा लगदा होता. फडक्यातली पत्रं आजही आहेत. ही गोष्ट मला तोंडपाठ आहे, पण ती सांगतानाचा आजीचा आवाज माझ्याकडे आता नाही.

म्हणून यावेळी कॅबिनेट निवडायला बसले ते जरा गंभीरपणे. आणि पेशाने इतिहासवाली असल्यामुळे आधी मागे गेले.

पेशवे दफ्तरात कागद ठेवायची पद्धत म्हणजे रुमाल. रुमाल म्हणजे चौकोनी सुती कापड. मोडीतले कागद थरांनी रचायचे, कापडाची चार टोकं वर घेऊन गाठ मारायची, वर चिठ्ठी. फळीवर असे हजारो रुमाल. पहिल्यांदा बघितलं की हे गबाळं वाटतं, पण जरा विचार करा. कापडातून हवा खेळते. पाच कागद असोत की पाचशे, रुमाल तेवढाच होतो. एक रुमाल काढताना शेजारचा हलवावा लागत नाही. आणि उठून पळायची वेळ आली तर गाठ धरून उचलता येतो.

आपला डबा मात्र कापडाचा नाही, त्यामुळे त्याचं माप आधीच ठरवावं लागतं. ते ठरवणारे दोन आकडे आहेत आणि दोन्हींना आपापला इतिहास आहे.

पहिला आकडा साडेतीन इंच. घरच्या सर्व्हरमधली डिस्क ‘साडेतीन इंची’ म्हणवते, पण पट्टी लावून बघा, रुंदी चार इंच भरते. साडेतीन हे माप मुळात फ्लॉपीचं. त्या फ्लॉपी ड्राइव्हच्या खणात बसेल अशी हार्ड डिस्क पहिल्यांदा बाजारात आणली ती स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथेसच्या रोडाइम कंपनीनं, १९८३ मध्ये. क्षमता १० एमबी. म्हणजे आज फोनवर काढलेले दोन-तीन फोटो. कंपनीनं १९९१ मध्ये उत्पादन बंद केलं, नंतर पेटंटच्या कोर्टकचेऱ्यांवर जगली, आणि २००० मध्ये फुटबॉलच्या निकालांवर पैज लावायचा धंदा विकत घेऊन नावच बदललं. माप मात्र राहिलं. चाळीस वर्षांत डिस्कची क्षमता लाखो पटींनी वाढली, पण अजून ती त्याच खणात बसते.

या छोट्या डिस्कांनी आणखी एक गोष्ट केली. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक निबंध लिहिला. शीर्षकाची सुरुवातच ‘अ केस फॉर’ अशी. तिथे केस म्हणजे युक्तिवाद, पण मला दरवेळी डबाच आठवतो. एका अवाढव्य महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त छोट्या डिस्क जोडा आणि थोडी जास्तीची माहिती ठेवा, म्हणजे एक गेली तरी बाकीच्यांवरून ती पुन्हा उभी करता येईल, हा त्यांचा मुद्दा. तुलनेसाठी घेतलेली आयबीएमची मोठी डिस्क २४ घनफूट जागा खायची आणि तिच्यात ७,५०० एमबी मावायचे. छोटी साडेतीन इंची ०.०३ घनफुटाची, १०० एमबीची. यालाच आपण आज रेड म्हणतो. घरच्या डब्यात चार-सहा खण असतात, त्याचं कारण हे.

दुसरा आकडा १७ सेंटिमीटर. तैवानच्या व्हिया कंपनीनं २००१ च्या सुमारास मिनी-आयटीएक्स नावाचा मदरबोर्ड आणला, १७ बाय १७ सेंमीचा. छोटी कॅबिनेटं याच चौकोनाभोवती बांधलेली असतात. याची किंमतही मोजावी लागते: जादा कार्डासाठी बहुधा एकच स्लॉट, आणि बऱ्याच बोर्डांवर साटाच्या जोडण्या फक्त चार. म्हणजे आठ खणांचा डबा घेतलात तर उरलेल्या चार डिस्कांसाठी तो एकुलता एक स्लॉट खर्ची पडतो. बरेच जण हे डबा घरी आल्यावर शोधून काढतात.

आता गणित करू. एक साडेतीन इंची डिस्क म्हणजे सुमारे १४.७ बाय १०.२ बाय २.६ सेंमी, जेमतेम ०.४ लिटर. सहा डिस्क म्हणजे अडीच लिटरच्या आत. तरी सहा डिस्कांचा फ्रॅक्टल डिझाइनचा नोड ३०४ जवळजवळ २० लिटरचा का? कारण बाकीच्या जागेत बोर्ड आहे, नेहमीच्या आकाराचा पॉवर सप्लाय आहे, आणि हवा आहे. पुढे ९२ मिलिमीटरचे दोन पंखे, मागे १४० मिलिमीटरचा एक. पंखा मोठा असला की तेवढीच हवा सावकाश फिरून ढकलतो, म्हणून आवाज कमी. एका खोलीत झोपणाऱ्या आणि तिथेच सर्व्हर ठेवणाऱ्या माणसाला हे फार महत्त्वाचं. पण यात डिस्क आतल्या पट्ट्यांना टांगलेल्या असतात. एक बदलायची तर कव्हर काढा, पट्टी काढा, वायरी सोडवा.

याउलट जॉन्सबोच्या एन-२ मध्ये पाच डिस्क समोरून खणासारख्या आत सरकतात आणि डबा ११ लिटरच्या आसपास. एक डिस्क काढताना शेजारचीला धक्का नाही, रुमालासारखंच. त्यासाठी पॉवर सप्लाय छोट्या एसएफएक्स आकाराचा घ्यावा लागतो, आणि मागे एकच पंखा, तोही पातळ. त्याच घराण्यातला एन-३ आठ खणांचा, पण मग आपण पुन्हा नोडच्या मापाजवळ आलो.

तिसरी वाट जुनी आणि खास ब्रिटिश वळणाची. एचपीनं २०१० मध्ये मायक्रोसर्व्हर नावाचा चार खणांचा ठोकळा काढला. काही काळ इथे त्यावर १०० पौंड परत मिळण्याची योजना होती, त्यामुळे तो किती घरांच्या जिन्याखाली जाऊन बसला असेल! तो अजूनही सेकंडहँड मिळतो. मी मोहात पडले होते, पण चौदा-पंधरा वर्षं चाललेल्या पॉवर सप्लायवर आजीला सोपवायला मन धजेना.

हवेबद्दल थोडं सांगते, कारण इथे माझंच मत बदललं. छोटा डबा म्हणजे गरम डबा, गरम डबा म्हणजे मेलेली डिस्क, असं मी धरून चालले होते. २००७ मध्ये गूगलच्या तिघा संशोधकांनी लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला. त्यात उष्णता आणि मृत्यू यांचं नातं इतकं सरळ निघालं नाही. थंडगार डिस्काही जास्त मेल्या होत्या. फरक ठळक दिसला तो फार वरच्या तापमानाला, वय झालेल्या डिस्कांमध्ये. मला जास्त हादरवलं ते दुसऱ्या निष्कर्षानं: तापमान बाजूला ठेवलं तर निकामी झालेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कांनी स्वतःच्या तब्येतीच्या नोंदींमध्ये आधी कसलाच इशारा दिला नव्हता. म्हणजे चांगल्या डब्याचं काम डिस्कला अमर करणं नाही. ती न सांगता जाईल हे धरून, तिच्या जागी दुसरी पटकन बसवू देणं, हे त्याचं काम.

आणि तेवढ्यानंही भागत नाही. पुण्यातला शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १८३१ मध्ये, मतदानसुधारणेचं विधेयक लॉर्ड्सनी फेटाळलं म्हणून चिडलेल्या जमावानं नॉटिंगहॅमचा कॅसल पेटवला. दोन्हींच्या भिंती माझ्या फ्लॅटपेक्षा जाड होत्या. एका डब्यात चार प्रती म्हणजे आगीच्या हिशोबात एकच प्रत.

इथे मला वि. का. राजवाडे आठवतात. सरकारी दफ्तर त्या काळी संशोधकांना सहज खुलं नव्हतं, म्हणून हा माणूस गावोगाव घरांतले कागद शोधत हिंडला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड १८९८ चा, आणि एकूण खंड बावीस. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते त्यांच्या पुढाकारानं. १९२६ मध्ये ते धुळ्यात वारले आणि पुढे तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. आपण त्यांना संग्राहक म्हणून ओळखतो, पण त्यांनी कागद छापले, हे मला जास्त मोलाचं वाटतं. छापलेला खंड म्हणजे दुसऱ्या गावातली प्रत. पेशवे दफ्तराचंही तेच: रियासतकार सरदेसायांच्या देखरेखीखाली १९३० ते १९३४ मध्ये निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, आणि बंद रुमालातली पत्रं लोकांच्या कपाटांत पोचली.

तर मी काय घेतलं? माझी कसोटी शेवटी अशी ठरली: बीस्टनहून शहरात जाणाऱ्या ट्राममध्ये डबा मांडीवर मावला पाहिजे, आणि बहिणीला फोनवर सांगून त्यातली डिस्क बदलता आली पाहिजे. किती टेराबाइट मावतात हा प्रश्न त्यानंतरचा. यात २० लिटरवाला बाद झाला, उत्तम असूनही. पाच खणांचा छोटा घेतला. चारच खण भरलेत, दोन-दोनच्या जोड्या करून, दोघींवर तीच माहिती. पाचवा मुद्दाम रिकामा आहे: एखादी डिस्क गेली तर नवी तिथे घालायची आणि मग मेलेली काढायची. सगळं मिळून ४० वॉट खाईल असं धरलं तर वर्षाचे ३५० युनिट होतात. इथल्या दरानं ते मला महाग वाटतं, म्हणून रात्री तो झोपतो.

तुमच्याकडे एवढा पसारा नसेल, तर दोन खणांचा डबा पुरेल. सहा-आठ खण बघून हात शिवशिवतात हे मला ठाऊक आहे. रिकाम्या खणांसाठी घेतलेली जागा पुढच्या घरबदलाला तुम्हालाच उचलायची आहे.

तसाच दुसरा डबा, दोनच डिस्का घातलेला, डिसेंबरमध्ये पुण्याला नेला. डिस्का हातातल्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. सिक्युरिटीवाल्यानं बाहेर काढून उलटसुलट बघितल्या. बहिणीनं तो माळ्यावर चढवला, कारण खाली पाण्याची भीती आमच्या घराण्यात अजून आहे. प्रत्येक डिस्कच्या कडेला कागदी चिठ्ठी लावली आहे: रुमाल १, रुमाल २, सीरियल नंबर, बसवल्याची तारीख. झाकणाच्या आतल्या बाजूला मराठीत एक पानभर सूचना, अगदी ‘आधी बटण बंद कर’पासून. तिनं वाचून विचारलं, आजीचा फोल्डर कुठला? तो रुमाल १ मध्ये आहे. त्यात अकरा रेकॉर्डिंग्ज आहेत.