शंभर रुपयांचा लेझर पॉइंटर डोळ्याला खरंच लागतो का?

यात्रेच्या दिवसांत खेळण्यांच्या पालावर एक वस्तू हमखास दिसते. पेनाएवढी नळी, बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर लाल किंवा हिरवा ठिपका. म्हसवडचा रथ असो, पालीचा खंडोबा असो की तासगावचा रथोत्सव, शंभर-दोनशे रुपयांत लेझर मिळून जातो. ऑनलाइन तर त्याहून सोपं. माझं घर साताऱ्यात, इंजिनिअरिंग झालं सांगलीत. दोन्हीकडच्या चुलत-मावस भावंडांकडून मला वर्षातून एकदा तरी हाच प्रश्न येतो: "दादा, हे डोळ्याला खरंच लागतं का, की उगाच घाबरवतात?"

लागतं. सगळ्याच पॉइंटरने नाही, पण लागतं. आणि अडचण अशी आहे की कोणत्या पॉइंटरने लागेल हे स्वस्त मालात लेबलावरून कळत नाही, ठिपक्याच्या उजेडावरून कळत नाही, आणि डोळा दुखतो की नाही यावरूनही कळत नाही.

एवढ्याशा मिलिवॅटमध्ये असं काय आहे?

घरातला एलईडी बल्ब ९ वॅटचा असतो आणि पॉइंटर ५ मिलिवॅटचा. बल्बचा आकडा तो किती वीज खातो याचा आहे आणि पॉइंटरचा आकडा बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा, तरीही फरक प्रचंड आहे. मग बल्बकडे बघून काही होत नाही आणि पॉइंटरने का व्हावं?

कारण बल्बचा उजेड चारही दिशांना सांडतो, त्यातला अगदी थोडा बाहुलीतून आत जातो. लेझरचा झोत मात्र सरळ, बारीक असतो. जवळून तो अख्खाच्या अख्खा बाहुलीतून आत शिरतो आणि डोळ्याचं भिंग त्याला पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, एका टोकदार ठिपक्यात गोळा करतं. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल ना, तोच प्रकार.

सूर्याशी तुलना करून बघा. भर दुपारी सूर्याकडे थेट बघितलं तर २ मिलिमीटरच्या बाहुलीतून साधारण ३ मिलिवॅट प्रकाश आत जातो आणि पडद्यावर त्याची जवळपास ०.१६ मिलिमीटरची प्रतिमा पडते. ५ मिलिवॅटच्या लेझरचा ठिपका ०.०२ मिलिमीटरच्या आसपास असू शकतो. म्हणजे ऊर्जा थोडी जास्त, आणि तीसुद्धा पन्नास-साठ पट लहान जागेवर. ग्रहण उघड्या डोळ्यांनी बघू नका असं आपल्याला घरोघरी सांगतात. लेझरबद्दल तसं कुणी सांगत नाही.

त्यात तुम्ही झोताकडे बघत असाल तर हा ठिपका पडतो तो पडद्याच्या बरोबर मध्यभागी, मॅक्युलावर. वाचणं, चेहरा ओळखणं, मोबाईल बघणं ही सगळी बारीक नजरेची कामं याच जागेची.

लेबलावर विश्वास ठेवायचा का?

लेझरचे वर्ग आंतरराष्ट्रीय मानकात (आयईसी ६०८२५-१) ठरलेले आहेत. दिसणाऱ्या प्रकाशाचा, १ मिलिवॅटपर्यंतचा तो क्लास २. डोळ्यावर झोत आला की आपण साधारण पाव सेकंदात पापणी मिटतो किंवा मान वळवतो, आणि तेवढ्या वेळात १ मिलिवॅटने इजा होऊ नये असं हे गणित आहे. ५ मिलिवॅटपर्यंत क्लास ३आर, ५०० पर्यंत क्लास ३बी, त्यापुढे क्लास ४. ३बी पासून पापणी मिटेपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

आता हे सगळं लेबल खरं असेल तर. अमेरिकेतल्या निस्ट या मोजमापांच्या राष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं. त्यातले जवळपास ९० टक्के हिरवे आणि ४४ टक्के लाल पॉइंटर तिथल्या नियमात बसत नव्हते. हे तिकडचं, जिथे नियम कडक आहेत. आपल्या पालावरच्या मालावर तर बरेचदा नुसता पिवळा 'डेंजर' स्टिकर असतो आणि पुढे आकडाच नसतो, किंवा असतो तो वाट्टेल तो. स्टिकर छापायला मीटर लागत नाही.

हिरव्याची भानगड वेगळी आहे

लाल पॉइंटरमध्ये लाल प्रकाश देणारा डायोड असतो, विषय संपला. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये मात्र बहुधा आत एक छोटा कारखानाच असतो. ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोड एका स्फटिकाला चालना देतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो, तोही इन्फ्रारेड. मग दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करतो आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा बाहेर पडतो. उरलेला इन्फ्रारेड अडवायला पुढे एक छोटा फिल्टर बसवावा लागतो. पैसे वाचवायचे तर पहिला बळी या फिल्टरचा. नसला तरी गिऱ्हाइकाला काय कळणार?

निस्टनेच २०१० मध्ये अशा एका पंधरा डॉलरच्या पॉइंटरचा अहवाल दिला होता. त्यावर १० मिलिवॅट लिहिलेलं, हिरवा उजेड मंद, पण इन्फ्रारेड मात्र जवळपास २० मिलिवॅट. हा प्रकाश दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही, बाहुलीही आकसत नाही. "सेल उतरलाय वाटतं" म्हणून नळीत डोकावून बघणाऱ्याची यात पूर्ण वाट लागू शकते.

न दिसणारा प्रकाश म्हणजे काय, हे घरी बघायचं असेल तर टीव्हीचा रिमोट घ्या, फोनचा फ्रंट कॅमेरा चालू करा आणि रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनवर जांभळट लुकलुक दिसते, नुसत्या डोळ्याला काहीच दिसत नाही. (मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड फिल्टर जास्त चांगला असतो, तिथे कदाचित दिसणार नाही.) हा प्रयोग रिमोटवरच करा. लेझर कॅमेऱ्यात मारून बघू नका, सेन्सर जाईल.

रंगावरून फसण्याचा दुसरा प्रकार जांभळ्या लेझरचा. आपला डोळा हिरव्याला सगळ्यात तेज आहे, लालला कमी आणि ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्याला तर फारच मंद. तेवढ्याच मिलिवॅटचा हिरवा लालपेक्षा आठेक पट उजळ दिसतो, आणि जांभळा इतका फिका की वाटतं यात दम नाही. ऊर्जा मात्र तेवढीच असते. नोटा तपासायला म्हणून विकतात तो हा.

लांबून मारला तर?

झोत हळूहळू पसरतो, म्हणून अंतर वाढलं की धोका कमी होतो. पण किती? मीटरमागे १ मिलिमीटर पसरणारा ५ मिलिवॅटचा झोत धरला तर साधारण १६ मीटरपर्यंत तो डोळ्यासाठी सुरक्षित मर्यादेच्या वर असतो. १०० मिलिवॅटचा असेल तर ७० मीटरपर्यंत. शाळेच्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला "गंमत" करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आरसा, स्टीलची टाकी, ट्रॅक्टरची काच यांवरून परतलेला झोतही झोतच असतो. द्राक्षबागेत पाखरं हाकायला लेझर वापरू का, असं मला तासगावकडच्या एका ओळखीच्या काकांनी विचारलं होतं. बागेत तारा, पत्रे, पाणी आणि मधे काम करणारी माणसं. मी नको म्हणालो.

इजेच्या मर्यादेपलीकडेही डोळे दिपतात. खंबाटकी घाट उतरणाऱ्या गाडीच्या काचेवर कुणी हिरवा झोत मारला तर अख्खी काच उजळते. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद काही दिसलं नाही तर ६६ मीटर आंधळी गाडी. विमानावर मारणं याच कारणाने जगभर गुन्हा मानतात.

मिरवणुकीतले लेझर ही या पॉइंटरची मोठी भावंडं. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूरजवळच्या उचगावात गणपती आगमनाच्या मिरवणुकीत एका तरुणाच्या आणि बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या डोळ्याला इजा झाल्याच्या बातम्या होत्या. त्याच महिन्यात पुणे पोलिसांनी लेझरवर बंदी घातली. आपल्याकडच्या जिल्ह्यांतही उत्सवापुरते असे आदेश निघतात. स्टॉलवरच्या पॉइंटरला मात्र कुणी विचारत नाही. तुम्ही मिरवणूक शूट करत असाल तर एक लक्षात घ्या: फोनच्या स्क्रीनमधून बघताना झोत स्क्रीनमधून तुमच्या डोळ्यात येत नाही, पण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडला तर कायमची रेघ किंवा ठिपका उमटू शकतो. डोळ्याचंही तसंच होतं, फक्त पार्ट बदलून मिळत नाही.

डोळ्यात गेलाच तर

पडद्याला वेदना कळत नाहीत. जळालं तरी दुखत नाही, म्हणून पोरं घरी सांगत नाहीत. शिवाय लहान मुलं पैज लावून मुद्दाम झोताकडे बघत राहतात, तिथे पापणीचं संरक्षण संपलं. ग्रीसमधल्या नऊ वर्षांच्या मुलाची केस २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. हिरव्या पॉइंटरकडे पुन्हा पुन्हा बघून त्याच्या डाव्या डोळ्याच्या मॅक्युलाला भोक पडलं आणि दीड वर्षानंतरही नजर सुधारली नव्हती.

झोत क्षणभर लागला तर फोटोच्या फ्लॅशसारखा डाग काही मिनिटं तरंगतो आणि जातो, ते ठीक. डोळे चोळू नका, त्याने बाहेरून ओरखडा पडून वेगळंच दुखणं लागतं. मग गणिताची चौकटीची वही हातभर अंतरावर धरा, चष्मा असेल तर घालून, आणि एकेक डोळा झाकून मधल्या एका बिंदूकडे बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा खराब डोळ्याची चूक झाकून टाकतो. मधे काळा किंवा करडा डाग दिसला, रेघा वाकड्या वाटल्या, अक्षर अर्धं गायब झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून ड्रॉप आणून टाकण्यात अर्थ नाही, इजा आत आहे. पडद्याचा ओसीटी स्कॅन होतो का, हे आधी फोन करून विचारा. सांगली-मिरजेत ही सोय शोधायला लांब जावं लागत नाही. जाताना पॉइंटरही सोबत न्या, बंद करून, सेल काढून. रंग आणि लेबल बघून डॉक्टरांना अंदाज येतो. काही इजा आपोआप भरतात, काहींना शस्त्रक्रिया लागते, काही तशाच राहतात.

दुसऱ्याच्या डोळ्यात मारला असेल तर तो खेळ उरत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मिरवणुकीतल्या लेझरविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली, तेव्हा न्यायालयाने भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ कडे बोट दाखवलं. बेदरकार कृत्याने दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणण्याचं हे कलम. गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि एका डोळ्याची नजर कायमची जाणं कायद्याने गंभीर दुखापतच आहे.

कॉलेजच्या सेमिनारसाठी पॉइंटर हवाच असेल तर नावाजलेल्या कंपनीचा, क्लास २ असं स्पष्ट लिहिलेला लाल घ्या. खरं तर तोही लागत नाही. पॉवरपॉइंटचा स्लाइड शो चालू असताना कंट्रोल दाबून माऊसचं डावं बटण धरलं की स्क्रीनवर लाल ठिपका येतो, आणि तो मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना दिसतो.