राष्ट्रीयीकरणोत्तर वणी कोळसा क्षेत्र : खाण सुरक्षा व पर्यावरणीय मानकांचे एकत्रीकरण

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्हा कापसासाठी प्रसिद्ध असला, तरी त्याच्या पूर्वेकडील वणी तालुक्यात वर्धा खोऱ्यातील कोळशाचे साठे आहेत. उद्योगाची मालकी बदलली की कामगारांची सुरक्षितता व पर्यावरण यांविषयीची जुनी रीत नव्या मालकाच्या मानकांशी जुळवून घ्यावी लागते. वणी परिसराने हा अनुभव १९७३ मध्ये घेतला. राष्ट्रीयीकरणामुळे मालकीबरोबर नेमके काय हस्तांतरित झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

राष्ट्रीयीकरणाची पार्श्वभूमी :
खाजगी मालकांकडून होणारे अशास्त्रीय उत्खनन, अपुरी गुंतवणूक व कामगारांची हलाखी ही राष्ट्रीयीकरणाची प्रमुख कारणे सांगितली गेली. तत्कालीन केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम यांच्या पुढाकाराने जानेवारी १९७३ अखेर खाणींचे व्यवस्थापन शासनाकडे आले आणि १ मे १९७३ पासून मालकीही आली. वणी तालुक्यातील राजूरची भूमिगत खाण या प्रक्रियेत सार्वजनिक क्षेत्रात दाखल झाली. १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाल्यावर या भागाची जबाबदारी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आली.

कायदा एक, व्यवहार अनेक :
येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९५२ चा खाण अधिनियम व १९५७ ची कोळसा खाण विनियमावली राष्ट्रीयीकरणापूर्वीही सर्व खाणींना लागू होती. म्हणजे नियम नवे नव्हते. भिन्नता होती ती पालनात. वेतनाच्या बाबतीत एकसूत्रीपणा लवकर आला. १ जानेवारी १९७५ पासून पहिला राष्ट्रीय कोळसा वेतन करार लागू झाला. सुरक्षेच्या बाबतीत मात्र तसे होणे शक्य नव्हते, कारण वेतन कागदावर बदलता येते, जमिनीखालील पोकळी नाही.

राष्ट्रीयीकरण अधिनियमानुसार पूर्वीच्या मालकाची देणी शासनावर येणार नव्हती. परंतु वाळूभरण न केलेल्या जुन्या गॅलऱ्या आणि त्यांत साचलेले पाणी हा वारसा नाकारण्याची सोय कोणत्याही कायद्यात नव्हती. धनबादजवळील चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी वरच्या जुन्या कामातील पाणी घुसून ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. ही खाण ज्या पोलाद कंपनीची होती, तिचे व्यवस्थापन १९७२ मध्येच शासनाने घेतले होते. व्यवस्थापन बदलल्याने जुना धोका संपत नाही, हे या दुर्घटनेने देशाला दाखवून दिले.

खुल्या खाणी व नवे प्रश्न :
पुढील काळात उकणी, निलजई, मुंगोली येथे खुल्या खाणी विकसित झाल्या. खुल्या पद्धतीत भूमिगत छत कोसळण्याचा धोका उरत नाही. परंतु अवजड वाहने, सुरुंगांचे हादरे, धूळ आणि मातीचे ढिगारे हे धोके पुढे येतात. पूर्वीचा धोका प्रामुख्याने खाणीत उतरणाऱ्या कामगाराचा होता. आता त्यात शेजारच्या शेतकऱ्याचाही वाटा आला. पर्यावरणीय परवानगीची अधिसूचना १९९४ मध्ये, तर खाण बंद करण्याच्या आराखड्याविषयी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. म्हणजेच राष्ट्रीयीकरणानंतर दोन दशकांहून अधिक काळ सुरक्षेची मोजणी मुख्यत्वे खाणीच्या हद्दीतच होत राहिली. माती काढण्याचे काम कंत्राटदारांकडे जाऊ लागल्यावर एकाच खाणीत कायम व कंत्राटी असे दोन प्रकारचे कामगार निर्माण झाले. १९७३ मध्ये जी विषमता मिटवायची होती, तिने वेगळ्या रूपात पुनःप्रवेश केला.

निष्कर्ष :
मालकीचे एकत्रीकरण एका दिवसात होते. मानकांचे एकत्रीकरण ही दीर्घ ऐतिहासिक प्रक्रिया असते. २०१६ मध्ये बिर्ला कॉर्पोरेशनने रिलायन्स सिमेंट कंपनी विकत घेतली, तेव्हा झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबनचा प्रकल्प उभारला जायचा होता. त्यामुळे आपली मानके आराखड्यातच आणण्याची संधी नव्या मालकाला होती. राजूरला तशी संधी नव्हती. म्हणून अधिग्रहणाच्या वेळी ताळेबंदाइतकेच जुन्या कामांचे नकाशे, पाण्याची पातळी आणि कंत्राटी कामगारांची स्थिती तपासली जाणे अगत्याचे आहे. देणी मागे ठेवता येतात, धोका मागे राहत नाही. वणीच्या इतिहासाचा हाच बोध होय.