चिलापी नीरेत कुठून आली?

शिरवळला नीरेच्या काठावर, सुभानमंगळ किल्ल्याच्या खुणा शोधत तुम्ही पहाटे उभे आहात. मागे पुणे-बेंगळुरू महामार्गाची घरघर, पुढे हिरवट, संथ पाणी. फुगवलेल्या ट्यूबवरून एक मामा काठाला लागतात आणि जाळं झटकतात. पाच-सहा मासे चिखलात फडफडतात. "चिलापी हाय," मामा म्हणतात.

तुम्ही त्यातली एक उचलता. पाठीवरचे काटे बोटात रुततात. तिचा गळा फुगलेला आहे, तोंडात घास धरून ठेवल्यासारखा. जबडा जरा उघडताच तोंडातून पिल्लं तळहातावर सांडतात. काचेसारखी अंगं आणि प्रत्येकाला दोन काळे टिपके, डोळ्यांचे. मोजायला जाल तर मोजणी सुटेल. ही आई अंडी तोंडात उबवते आणि पिल्लं बाहेर पडल्यावरही धोका दिसला की त्यांना पुन्हा तोंडात घेते. तोवर तिच्या पोटात जवळजवळ काही जात नाही.

"मामा, हा इथलाच मासा?"

"आपलाच की. बारका हुतो तवापास्नं बगतुय."

मामा खरंच सांगतायत. पण त्यांच्या आज्याने तरुणपणी या पाण्यात चिलापी पाहिलेली असणं शक्य नाही. पिल्लं हलकेच पाण्यात ठेवा आणि मागे चला.

१८३०. महामार्गाचा आवाज थांबला. नीरा ही साताऱ्याच्या राज्याची उत्तरेची शीव आहे, गादीवर प्रतापसिंह महाराज आहेत. नदीवर अजून मोठं धरण नाही. उन्हाळ्यात ती डोहाडोहांत उरते, पावसाळ्यात गढूळ होऊन धावते. पलीकडे, पुण्याच्या मुलखात साइक्स नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी फिरतो आहे. तो दख्खनचे मासे गोळा करतो आणि इथल्या लोकांच्या तोंडची नावंच लॅटिनमध्ये बसवतो: खुद्री, कोळस, नकटा. नकट्याच्या नाकाडावर खोल खाच असते, म्हणून तो नकटा. खुद्री म्हणजे आपली खडशी, दख्खनचा महासीर: रुपयाएवढ्या खवल्यांचा, वाहतं पाणी आणि दगडगोट्यांचा तळ मागणारा. साइक्सची ही यादी १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी इंग्रजांनी प्रतापसिंहांना गादीवरून काढलं. यादी कितीही वेळा वाचा, तोंडात पिल्लं सांभाळणारी चिलापी तीत नाही.

आता १९२८. वरच्या अंगाला, भोरजवळ भाटघरला, नीरेला मिळणाऱ्या वेळवंडी नदीवर लॉईड धरण पूर्ण झालंय. पुढे साठच्या दशकात शिरवळच्या खालच्या अंगाला वीर धरण होईल. धरणांनी खाली ऊस आणला, लोकांच्या घरात पैसा आणला, ते नाकारायचं कारण नाही. पण धावणाऱ्या नदीच्या मधोमध आता थांबलेलं पाणी आलं. खडशीला ते मानवत नाही. पुढे येणाऱ्या चिलापीला मात्र ते अगदी मानवणार आहे. याच १९२८ मध्ये गंबुशिया नावाचा चिमुकला अमेरिकन मासा इटलीमार्गे भारतात आला, डासांच्या अळ्या खाण्यासाठी. आपल्या आरोग्य केंद्रांच्या हौदांत वाढवले जाणारे गप्पीही मूळचे दक्षिण अमेरिकेचे.

चिलापीचं मूळ आफ्रिकेत, झांबेझी आणि तिच्या दक्षिणेच्या नद्यांत. तिथून ती जावा बेटावर कशी पोचली, हे कोडंच आहे. तिथे १९३० च्या दशकाअखेर मुजाईर नावाच्या एका गावकऱ्याला समुद्राकाठी पाच मासे सापडले आणि त्याने ते तळ्यात वाढवले, असं सांगतात. इंडोनेशियात हा मासा आजही त्याच्याच नावाने विकला जातो. तिथून मलाया, मग श्रीलंका.

आणि १९५२ साली तुम्ही रामेश्वरमच्या अलीकडे मंडपमला उभे आहात. श्रीलंकेहून आलेली चिलापी भारताच्या पाण्यात उतरते आहे. देशात धान्याचा तुटवडा आहे. दोन-तीन महिन्यांत वयात येणारा, वर्षातून अनेकदा विणारा, शेवाळापासून किड्यांपर्यंत सगळं खाणारा मासा म्हणजे गरिबाच्या ताटातला घास, असं ती आणणाऱ्या लोकांना मनापासून वाटतंय. त्यांना मूर्ख म्हणू नका. त्या दिवशी तुम्हीही हेच केलं असतं. सात वर्षांनी, १९५९ मध्ये, तिच्या प्रसारावर बंदी आली. पण पाण्यात पडलेला मासा सरकारी कागद वाचत नाही. तळी भरली, धरणं भरली, आणि नीरा-भीमेच्या खोऱ्यात ती 'आपली' झाली.

इथेच परत फिरलात, तर अर्धीच गोष्ट हाती लागेल. सत्तरच्या दशकात लोणावळ्याला या.

टाटांच्या धरणाशेजारच्या मत्स्यबीज केंद्रात आपली खडशी वाढते आहे. ती नामशेष होऊ नये म्हणून सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले जीव ओतून काम करतायत. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून ती विमानाने दूरवर पाठवण्याची युक्ती त्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केली. पाण्याशिवाय प्रवास करणारी ती सोनेरी अंडी डोळ्यांपुढे आणा. एवढ्या मायेने वाढवलेली खडशीची पिल्लं दूरच्या राज्यांत गेली, कावेरीतही सोडली गेली.

कावेरीचा स्वतःचा महासीर होता: पाठीला कुबड, नारिंगी पर, माणसाएवढा वाढणारा. आपली निळसर परांची खडशी तिथे फोफावली आणि कुबडाचा महासीर दिसेनासा होऊ लागला. २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. वाळूउपसा, धरणं, सुरुंगाची मासेमारी हीही कारणं आहेत, पण खडशीकडेही बोट दाखवलं जातं. नीरेत जी घरची, तीच कावेरीत उपरी ठरली. हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण त्या कापसात लोभ नव्हता, जिव्हाळाच होता.

परत शिरवळला या. सूर्य वर आलाय, मामांची चिलापी बाजाराकडे निघाली आहे. ती आता नीरेतून कुणी काढू शकणार नाही. मामांचं घर तिच्यावर चालतं, तेव्हा तिचा राग धरण्यातही अर्थ नाही. पण पुढचा पाहुणा आपल्या हातात आहे. काचेच्या टाकीतला, कडक कवचाचा 'सकर' मासा उजनी धरणातल्या जाळ्यांत सापडू लागलाय. तो कुणीतरी दयेपोटीच पाण्यात सोडला असणार. तुमच्या घरची टाकी रिकामी करायची वेळ आली, तर मासे दुकानदाराला परत द्या, ओळखीत कुणाला द्या. नदीत, विहिरीत, धरणात सोडू नका.